सोलापूरला बीएस्सीला येऊन महिना झाला, मन लागेना. कॉलेज सोडून गावाकडं परत जावं का?

भावा, तुझा प्रश्न वाचला. सांगोल्याकडनं आलायस, वर्गात कुणी ओळखीचं नाही, सगळं इंग्रजीत चालतं, दर शनिवारी गाव गाठतोस आणि सोमवारी परत यायला नको वाटतं. वयानं लहान आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नको.

सोडू नको. निदान पहिली सेमिस्टर होईपर्यंत तरी नाही. आणि खरं सांगू का, तुझं दुखणं कॉलेजात नाही, त्या शनिवारच्या गाडीत आहे. मी मंगळवेढा तालुक्यातल्या खेड्यातनं आलतो, मी पण हेच केलं, शुक्रवारी रात्रीच बॅग भरून बसायचो, शनिवारचं प्रॅक्टिकल बुडवायचो, घरी जाऊन नुसता झोपायचो आणि सोमवारी पुन्हा नव्यानं परका. जर्नलवर, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीवर, सही नसली की प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत हे मला कळलं परीक्षेच्या आठ दिवस आधी. मग दोन रात्री जागून दुसऱ्याची जर्नल उतरवली, मॅडमच्या मागं मागं फिरून सह्या घेतल्या. गणितात एटीकेटी लागली ती लागलीच, म्हणजे विषय राहिला.

मित्र कसे झाले ते सांगतो, कारण ते वर्गात झालेच नाहीत. माझा डबा एसटीनं यायचा. आई पहाटे उठून करायची, झाकणावर ऑइलपेंटनं नाव आणि गाव लिहिलेलं, ड्रायव्हरच्या मागं डब्यांची रांग. गाडी सव्वादहाची, पण यायची तिच्या मनानं. स्टँडवर त्याच गाडीची वाट बघणारी आम्ही सहा-सातजणं. वर्गात शेजारच्याला पेन मागायला जीभ उचलायची नाही माझी, पण तिथं "आज काय दिलंय बे?" एवढ्यावर गप्पा सुरू व्हायच्या. एकदा गाडी वाटेतच बंद पडली, डबा आला दुपारी दोनला, उन्हानं सगळ्यांच्या भाज्या आंबलेल्या. मग भाज्या दिल्या टाकून आणि तिथंच बाकड्यावर सगळ्यांच्या भाकऱ्या आणि शेंगाची चटणी एकत्र करून खाल्ली. त्यातला एकजण माझ्याच वर्गातला निघाला! दोन महिने माझ्या मागच्या बाकावर बसत होता.

दुसरा मित्र सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला, घरी तेलुगू बोलणारा. त्याच्या घरात खाली यंत्रमाग, दिवसभर खटखट, टॉवेल निघतायत, वरच्या खोलीत आम्ही फिजिक्स करायचो. पहिल्या दिवशी मला त्याचं बोलणंच ऐकू येईना, त्याला मात्र माग थांबला की झोपमोड व्हायची. त्याची आई विड्या वळता वळता माझ्याशी मराठीत बोलायची आणि त्याला तेलुगूत शिव्या द्यायची, लई भारी बाई. त्याला मराठी लिहायला अवघड, मला इंग्रजी, पण त्याच्याकडनं मी एक शिकलो, तो लेक्चरमध्ये न कळलेला शब्द वहीच्या कडेला जसा ऐकू येईल तसा लिहून ठेवायचा आणि संध्याकाळी शोधायचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावी-बारावीला सायन्स नावालाच इंग्रजीत, सर समजावणार मराठीतच, असं आपल्यातल्या बहुतेकांचं असतंय. दिवाळीपर्यंत त्रास होतो. मग तेच तेच शब्द फिरून येतात.

सीनियर नाव-गाव विचारतात तेवढं चालतंय, पण कुणी खरंच छळत असेल तर गप्प बसू नको, रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ ही देशभराची हेल्पलाईन आहे. आणि स्कॉलरशिपला पात्र असशील तर महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या वेबसाइटवरचा, फॉर्म शेवटच्या तारखेवर ढकलू नको, बँक खातं आधारला जोडलंय का ते आधी बघ, माझ्या रूम पार्टनरचे पैसे तेवढ्यासाठी अडकलते.

रूमवर मन लागत नसेल तर अभ्यासाला बाहेर एक ठरलेली जागा धर. मी हिराचंद नेमचंद वाचनालयात जायचो. अभ्यास पहिल्या पहिल्यांदा होत नव्हताच, पेपर वाचून यायचो, पण संध्याकाळी जायला एक ठिकाण झालं.

मी सोलापुरात अख्खा शनिवार-रविवार पहिल्यांदा काढला तो थेट जानेवारीत, गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला. संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक बघितली, रात्री त्या डब्यावाल्या पोरांबरोबर होम मैदानावर पाळण्यात बसलो आणि खाली उतरून ओकलो. घरी फोन केला तर आई म्हणाली, या आठवड्याला आला नाहीस, बरं नाही का रे? तू जानेवारीपर्यंत थांबू नको. या शनिवारी प्रॅक्टिकल कर, जर्नलवर सही घे आणि रूमवरच राहा. रविवारचा डबा मागव, नसेल येत तर वर्गातल्या कुणाला तरी विचार, मेस कुठली बरी आहे म्हणून.