वर्ष होईपर्यंत थांबा म्हणजे नेमकं कुठे थांबा?

प्रश्न: वकीलताई, माझ्या लग्नाला सात महिने झाले, त्यातले शेवटचे तीन मी माहेरी आहे. नवरा हात उचलतो, एकदा माझा मोबाईल भिंतीवर आपटून फोडला, माझ्या पगाराचं एटीएम कार्ड अजून सासूच्या कपाटात आहे. आमचे वकील म्हणतात वर्ष होईपर्यंत घटस्फोटाचं नाव काढू नका, आणि म्युच्युअल, म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोट, केलं तर वरून आणखी सहा महिने. आई म्हणते मग तोवर नांदून बघ. हे थांबणं कशासाठी? कायदा बदलत का नाहीत?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: आधी आईला सांग, वर्ष भरायचं म्हणून कुणी नांदायला जायचं नसतं. ते वर्ष लग्नाच्या तारखेपासून मोजतात, तू सासरी होतीस की माहेरी याच्याशी त्याचा संबंध नाही. उलट म्युच्युअलसाठी वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं, म्हणजे आत्ता परत जाऊन संसार सुरू केलास तर हे तीन महिने पाण्यात.

वकिलांचं निम्मं बरोबर आहे. हिंदू विवाह कायदा, 1955 चं कलम 14 वर्षाच्या आत अर्ज घेऊ देत नाही, पण त्याच कलमात पुढे सूट आहे, अर्जदाराला असामान्य त्रास असेल किंवा समोरच्याचं वागणं अगदीच नीच पातळीचं असेल तर कोर्ट आधी परवानगी देऊ शकतं. आता असामान्य म्हणजे किती? मारहाण हा शब्दच तिथे नाही गं, सगळं जज्जसाहेबांवर.

सहा महिन्यांचं वेगळं आहे, ते कलम 13ब मधलं, म्युच्युअलचा पहिला अर्ज दिल्यावर घटस्फोट पक्का करायच्या आधी थांबायचे. रागाच्या भरात सही केलेल्यांना विचार करायला वेळ मिळावा म्हणून ते ठेवलंय आणि तसं त्यात वाईट काही नाही, माझ्याच ऑफिसात दोन जोडप्यांनी कागद फाडलेत. सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये अमरदीप सिंग केसमध्ये सांगितलं की हे सहा महिने माफ करता येतात, पण पहिल्या अर्जाआधीच वेगळं राहून दीड वर्ष झालेलं असलं पाहिजे, पोटगी वगैरे मिटलेलं पाहिजे. तुझे तीनच महिने झालेत.

माझा खरा राग इथे आहे. 1991 च्या सुरेष्ठा देवी निकालापासून ठरलंय की डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम हुकूम, होईपर्यंत कुणीही एकजण संमती मागे घेऊ शकतो. दोन समजूतदार माणसांत ठीक, पण मारणाऱ्या नवऱ्याच्या हातात हे सहा महिने म्हणजे आयतं हत्यार. माझी एक अशील फॅमिली कोर्टाच्या बाकावर मांडीवर डबा घेऊन बसली होती, आणि नवरा समोर चहा पीत म्हणाला, पोटगीचा आकडा खाली आण, नाहीतर मी पुढच्या तारखेला येतच नाही. तिने आकडा खाली आणला.

म्हणून मला विचारशील तर सगळ्यांचं थांबणं काढू नका, पण मॅजिस्ट्रेटने कौटुंबिक हिंसाचाराच्या केसमध्ये संरक्षणाचा आदेश दिला असेल तर तोच असामान्य त्रास धरा, परत वेगळं सिद्ध करायला लावू नका, आणि म्युच्युअलचे सहा महिनेही तिथे नकोत. कायदा बदलायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही, 2013 मध्ये विवाह कायद्यातल्या दुरुस्तीचं एक बिल राज्यसभेत पास झालं होतं, लोकसभेत अडकलं आणि 2014 ला लोकसभेची मुदत संपली तसं तेही गेलं.

तू मात्र थांबू नकोस. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याला वर्षाची अट नाही. त्या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे जा, ते घटनेचा अहवाल तयार करतात, तो मॅजिस्ट्रेटपुढे जातो. निकाल 60 दिवसांत लावायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त लागतात, पण अंतरिम आदेश आधी मागता येतो, खर्चाचा सुद्धा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईमाणसाला मोफत वकील देतं, उत्पन्न विचारत नाहीत. क्रूरतेच्या कारणावरून कलम 14 ची परवानगी मागायची का हे त्या वकिलाला फोडलेल्या मोबाईलचा फोटो, दवाखान्याचे कागद असं सगळं दाखवून विचार.

आणि ते कार्ड कपाटातून मागत बसू नकोस, आज बँकेत फोन करून ब्लॉक कर, नवीन माहेरच्या पत्त्यावर मागव, जुना पिन टाकू नकोस.