महामार्ग ३९५ वरचं ओसाड खोरं: इन्यो काउंटी

कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसहून डोंगरातल्या मॅमथला जाताना लोन पाइन गावाच्या पुढे एवढं सपाट खोरं लागतं, डोक्यावर बर्फाचे डोंगर आहेत, तरी शेती का नाही, असं तुम्ही विचारलंय. उत्तर तुमच्या लॉस एंजेलिसच्या घरच्या नळात आहे.

हे ओवेन्स नदीचं खोरं, आणि ही इन्यो काउंटी, म्हणजे इथला जिल्हा. अहिल्यानगर जिल्ह्याच्या दीडपट मोठी, पण २०२० च्या जनगणनेत माणसं १९,०१६. पश्चिम सीमेवर ४,४२१ मीटरचा माउंट व्हिटनी, पूर्वेला डेथ व्हॅलीत समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली बॅडवॉटर.

पाऊस इथे फारसा नाहीच, पण पश्चिमेच्या सिएरा डोंगररांगेतल्या बर्फाचं पाणी भरपूर. मूळचे पायूट लोक ओढ्यांना पाट काढून रानातली कंदमुळं भिजवत. १८६० च्या दशकात गोरे गुरं घेऊन आले, मारामाऱ्या झाल्या, आणि १८६३ मध्ये लष्कराने सुमारे ९०० पायूटांना फोर्ट तेहोन या लष्करी ठाण्यापर्यंत पायी हाकललं. कित्येक नंतर परतले. आज बिशप, लोन पाइनला त्यांच्या वसाहती आहेत.

मग गोऱ्या शेतकऱ्यांची पाळी आली. १९०५ च्या सुमारास लॉस एंजेलिसचे माजी महापौर फ्रेड ईटन इथे जमिनी घेत फिरू लागले. लोकांना वाटलं, सरकारी पाटबंधारे योजना येतेय. प्रत्यक्षात पाणी चाललं होतं शहराला. शहराचा पाणी-इंजिनिअर विल्यम मुलहोलंडने बांधलेला ३७५ किलोमीटरचा कालवा १९१३ मध्ये सुरू झाला. पंप एकही नाही, सगळा उतारावरचा खेळ. इंजिनिअर म्हणून टोपी काढतो, बाकी बोलत नाही.

१९२४ च्या नोव्हेंबरात गावकऱ्यांनी कालव्यावरच्या अलाबामा गेट्सचे दरवाजे उघडून शहराचं पाणी चार दिवस ओवेन्स नदीकडे सोडून दिलं. बायकापोरं आली, मांस भाजलं, जत्राच भरली. कालव्याला सुरुंगही लागले. पण १९२७ मध्ये लढ्याचे पुढारी असलेल्या वॉटरसन बंधूंच्या बँका बुडाल्या, पैशांच्या अफरातफरीत दोघं तुरुंगात गेले, लोकांची बचत गेली आणि उरलेला जोरही. नदी जिथे संपते ते ओवेन्स सरोवर तोवर कोरडं पडलं होतं. पुढे त्याच्या तळातली खारी धूळ एवढी उडू लागली की ती बसवायला शहराला अब्जावारी डॉलर ओतावे लागले.

खोऱ्यातली बहुतेक जमीन अजून शहराच्या पाणी खात्याची आहे. म्हणून तर मॉल नाहीत, बंगल्यांच्या वसाहती नाहीत. तुम्हाला जे निसर्गरम्य वाटलं, त्यातलं बरंचसं हेच.

याच रस्त्यावरच्या मॅन्झनारला मात्र थांबाच. स्पॅनिशमध्ये या नावाचा अर्थ सफरचंदाची बाग. गाव होतं, बागा होत्या. शहराने जमिनी घेतल्या आणि गाव उठलं. १९४२ मध्ये, जपानशी युद्ध चालू असताना, अमेरिकी सरकारने तिथेच तारांचं कुंपण घालून दहा हजारांवर जपानी वंशाच्या लोकांना कोंडलं. त्यांच्यात माळी, शेतकरी बरेच. पाण्यावाचून वठत चाललेली नासपतीची आणि सफरचंदाची झाडं त्यांनी छाटली, भिजवली, फळं काढली. त्यातली काही अजून उभी आहेत. एप्रिलात गेलात तर बराकींच्या रिकाम्या जोत्यांमागे फुलोरा दिसेल. टोपी घट्ट धरा, वारा फार असतो.