चिनी धूपदान: तळाची अक्षरे, सोन्याचे शिंतोडे आणि हिरवी भुकटी

प्रश्न (अमळनेर): आजोळी माळ्यावर एक चिनी धूपदान सापडले. तीन बुटके पाय, दोन कान, तळाला चौकटीत सहा अक्षरे. एका व्यापाऱ्याने ते सहाशे वर्षांपूर्वीचे असल्याचे सांगितले. जळगावला सराफाच्या टंच काढायच्या मशीनवर मात्र पितळ निघाले. म्हणजे नकली का?

उत्तर: पितळ निघाले म्हणून नकली ठरत नाही आणि अक्षरे आहेत म्हणून सहाशे वर्षांचेही ठरत नाही. अशी अक्षरे दोन ओळींत उभी असतात. उजवी ओळ आधी, वरून खाली वाचायची. बहुधा तुमच्याकडे ‘महान मिंग, श्वेनदे राजवटीत बनवले’ असे असेल. श्वेनदे बादशहाची कारकीर्द 1426 ते 1435. सयामहून (आजचे थायलंड) आलेल्या तांब्यातून 1428 मध्ये त्याने धूपदाने ओतवून घेतली, अशी परंपरेची कथा आहे. त्यांचा लौकिक इतका, की पुढे मिंग घराण्याच्या अखेरीस, त्यानंतरच्या छिंग घराण्याच्या सबंध काळात आणि विसाव्या शतकातही तोच शिक्का, म्हणजे तळाची हीच अक्षरे, वापरली गेली. त्यामुळे वय ठरवताना शिक्का सगळ्यात शेवटी बघावा.

राहिले पितळ. या धूपदानांना सरसकट ब्राँझ म्हणतात, पण तांब्यात कथिलाऐवजी जस्त असलेली, म्हणजे पितळेची, पुष्कळ आहेत. मशीन धातू सांगते, वय नाही. त्यातही ती वरचा थरच वाचते.

दहापट भिंग घ्या आणि वस्तू उन्हात तिरपी धरा. चांगल्या कामात अक्षर ओतल्यावर छिन्नीने साफ केलेले असते, कडा धारदार आणि अक्षराचा तळ सपाट. साच्यावरून साचा काढलेल्या नकलेत कडा गोलसर, अक्षरांत बारीक पुटकुळ्या. मग झीज पाहा. पायांची टोके, कानांचा वरचा भाग आणि काठ हात लागून गुळगुळीत झालेले हवेत. खोबणीतही तेवढीच झीज दिसली तर ती घासून आणलेली आहे.

प्रश्न (भुसावळ): तपकिरी अंगावर सोनेरी ठिपके आहेत. खरे सोने की रंग?

उत्तर: जुनी रीत अशी: सोने पाऱ्यात कालवून लगदा करायचा, तो ठिपक्यांनी लावायचा आणि तापवायचे. पारा उडून जातो, सोने धातूला धरून राहते. (पाऱ्याची वाफ विषारी, घरी हा प्रयोग नकोच.) खऱ्या शिंतोड्याची कड वेडीवाकडी असते, लहानमोठे ठिपके विखुरलेले असतात. रंगाचे ठिपके एकसारखे, कडेला पापुद्रा सुटलेला. शंका असेल तर तळाच्या एका ठिपक्यावर कापसाच्या काडीने ॲसिटोन टेका. काडी सोनेरी झाली तर रंग. पुढच्या बाजूला ॲसिटोन लावू नका, लाख किंवा मेणाचा थर असेल तर तो निघेल.

प्रश्न (शहादा): दिवाळीत धूपदान मीठ-लिंबाने लख्ख घासले. आता श्रावणात नक्षीत फिकट हिरवी भुकटी दिसते. पुन्हा घासू का?

उत्तर: अजिबात नको. घासण्यामुळेच हे झाले असण्याची दाट शक्यता आहे. मिठातला क्लोराइड नक्षीच्या खोबणीत राहतो. दमट हवा मिळाली की तांब्याशी त्याची क्रिया सुरू होते, तिच्यातून आम्ल तयार होते आणि ते आणखी धातू खाते. आपल्याकडे एप्रिल-मेची हवा कोरडी असल्याने तोवर काही दिसत नाही. पाऊस लागला की उठते. गडद, कडक, नखाने न निघणारा हिरवा थर मात्र वेगळा. तो शांत असतो, त्याला हात लावू नका.

भुकटी बांबूच्या काडीने भिंगाखाली अलगद काढा, मऊ ब्रशने झटका. धातूची तार, स्क्रबर नको. पाण्याने धुऊ नका. मग झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत (ओल शोषणारी खडी) ठेवा. स्वस्त आर्द्रतामापकाने डब्यातली आर्द्रता 40 टक्क्यांखाली राहते ना, ते बघत राहा. सिलिका जेलची निळी खडी गुलाबी झाली की ओव्हनमध्ये 110–120 अंशांवर दोन-तीन तास वाळवून पुन्हा वापरता येते. एवढे करूनही त्याच जागी भुकटी आली, तर संग्रहालयाच्या जतन-तज्ज्ञाला दाखवा. त्यांची रसायने घरी हाताळण्यासारखी नाहीत.

धूप जाळायचाच असेल तर निखारा थेट तळावर ठेवू नका. उष्णतेने वरचा रंग डागाळतो, मेण वितळते. आत मातीची पणती ठेवा, तिच्यात तापीची वाळू तीनदा धुऊन, कडक वाळवून, दोन बोटे जाडीची घाला. गोवरीच्या राखेत क्षार असतात, म्हणून ती नको.

प्रश्न (चोपडा): धूपदानावर अरबी अक्षरे आहेत. मग ते चिनी कसे?

उत्तर: चिनीच असू शकते. चीनमधल्या मुस्लिम घरांसाठी अशी धूपदाने बनत, आणि त्यांवर बहुधा जंगदे बादशहाचा (1506–1521) शिक्का असतो. तोही पुढे वापरला गेला. कारागिराला लिपी येत नसल्याने अक्षरे मोडकी निघणे नेहमीचे, तेवढ्यावरून नकली म्हणू नका. बघायची ती अक्षरांभोवतीची खोल गेलेली पार्श्वभूमी: तिच्यातले दाण्यांसारखे ठसे एकेक हाताने मारलेले असतील तर त्यांच्या ओळी थोड्या वाकड्या होतात.