आत्मचरित्र पुरावा म्हणून चालतं का?

प्रश्न: सर, मी निपाणीची, इतिहासात एमए करतेय. प्रोजेक्टला ज्यू लोकांची आत्मचरित्रं घेणार होते, पण मैत्रिणी म्हणतात माणूस स्वतःचं चांगलंच लिहितो, हा कसला पुरावा? (एक वाचक)

उत्तर: घ्या की, बिनधास्त घ्या! हामेलनची ग्लिकल ही जर्मनीतली व्यापार करणारी ज्यू बाई, नवरा गेल्यावर १६९१ ला तिनं यिडिशमध्ये, म्हणजे तिकडच्या ज्यूंच्या रोजच्या भाषेत, मुलांसाठी आपलं आयुष्य लिहायला घेतलं. १६६५-६६ ला शब्बताई झ्वी नावाचा एक ज्यू स्वतःला मसीहा, म्हणजे ज्यूंना तारायला येणारा, म्हणवत होता, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी वाटाणे, सुकं मांस असलं पिंपांत भरून हॅम्बुर्गला तिच्याकडे पाठवलं, बोलावणं आलं की पवित्र भूमीला, म्हणजे पॅलेस्टाइनला, निघायचं म्हणून, आणि ती पिंपं वर्षभराच्या वर तशीच पडून! लोकांनी किती मनापासून विश्वास ठेवला हे सरकारी कागदात कुठं मिळणार? फक्त हे तिनं पंचवीसेक वर्षांनी लिहिलंय, त्यामुळे तारखा दुसरीकडं ताडून बघा.

मला स्वतःला विल्नाच्या (आताचं लिथुआनियातलं विल्नियस) यिवो या ज्यू संशोधन संस्थेकडच्या वह्या जास्त मोलाच्या वाटतात. १९३२, १९३४ आणि १९३९ ला त्यांनी तरुण ज्यूंसाठी आत्मचरित्र स्पर्धा घेतल्या, सहाशेच्या वर वह्या आल्या, आणि त्या पोरांना पुढं नाझी ज्यूंचा संहार करणार हे ठाऊकच नव्हतं, म्हणून त्यात शाळा, प्रेम, राजकारण, घरची गरिबी सगळं जसंच्या तसं आहे.

आपल्याकडंही १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं ही तारीख गॅझेटात मिळते, घरात त्या रात्री काय बोलणं झालं ते आजोबांच्या वहीतच. असली वही घरात असेल तर प्रोजेक्टला तीही जोडा.