नवव्या महिन्यात ६.७ किलो : वजन, रांगणे आणि कार्डावरची रेषा

मुलीचे वजन कमी तर नाही ना, ती रांगत का नाही आणि दूध तोडावे का, या तुमच्या प्रश्नांना उत्तर देण्याआधी तुम्ही दिलेली माहिती एकत्र मांडते, कारण पुढचे सगळे तिच्यावरच अवलंबून आहे. मुलगी पूर्ण दिवसांची असून तिचे जन्मवजन २.५ किलो होते, सहा महिन्यांची असताना ते ५.९ झाले आणि आता नऊ महिने पूर्ण होताना ते ६.७ किलो भरले आहे. ती आधाराशिवाय बसते, पण रांगत नाही. बसल्या बसल्या ढुंगणाने पुढे सरकते. शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा नऊ किलोंचा आहे आणि खाटेला धरून उभा राहतो. सासूबाईंचे म्हणणे असे की तुमचे दूध पातळ झाले आहे, तेव्हा ते तोडून डब्याचे सुरू करावे. मी डॉक्टर नाही. माझा मुलगा कमी वजनाचाच जन्मला आणि दीड वर्षाचा होईपर्यंत त्याच्या वजनाचा घोर मला होता, त्या काळात जे कळले आणि तपासून घेतले ते लिहिते.

माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचा जो आलेख छापलेला असतो तो जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या मानकांवर आधारलेला आहे, आणि ती मानके ज्या सहा देशांतल्या, आईच्या दुधावर वाढलेल्या मुलांवरून ठरली त्यांत भारतही होता. त्यामुळे ‘तो तक्ता परदेशी मुलांचा’ हे आपल्याकडे हमखास ऐकू येणारे समाधान खरे नाही. मुलींचा आलेख वेगळा आणि मुलग्यांचा वेगळा असतो. नऊ महिन्यांच्या मुलग्याचे मधले वजन ८.९ किलो तर मुलीचे ८.२ असते, म्हणून शेजारच्या बाळाशी तुलना येथेच थांबवावी. मुलींच्या आलेखात हिरव्या, म्हणजे योग्य वजनाच्या, पट्ट्याची खालची कड सहाव्या महिन्याला ५.७ किलोंवर आणि नवव्या महिन्याला ६.५ किलोंवर असते, म्हणजे ती कड या तीन महिन्यांत ८०० ग्रॅम वर चढते, आणि तुमची मुलगीही नेमकी ८०० ग्रॅमच चढली आहे. ती खालच्या कडेजवळून, पण कडेला समांतर चालली आहे. माझ्या मते हे घाबरण्यासारखे नाही. मात्र हाताशी शिल्लक फक्त २०० ग्रॅमची असल्याने एका जुलाबाच्या आजारात ती पिवळ्या, म्हणजे कमी वजनाच्या, पट्ट्यात उतरू शकते, एवढे भान ठेवावे.

वजन कमी असणे आणि कार्डावरची रेषा आडवी होणे, म्हणजे वजन वाढायचेच थांबणे, या दोन गोष्टींत फरक आहे. माझ्या मुलाची रेषा आठव्या महिन्यानंतर आडवी झाली. घरात सर्वांचे म्हणणे होते की दात येत आहेत, पण अंगणवाडीच्या बाईंनी कार्डावरचे तीन ठिपके पेन्सिलने जोडून दाखवले आणि बालरोगतज्ज्ञांकडे जायला सांगितले. तिथे लघवी आणि रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन ८ च्या घरात निघाले. या वयात ते ११ च्या खाली असले तर त्याला रक्तक्षय म्हणतात. बाळ पोटात असताना साठवून आणलेले लोह सुमारे सहा महिन्यांत संपत येते, कमी वजनाच्या बाळाचा साठा तर आधीच तोकडा असतो, आणि लोह कमी पडले की भूक मंदावते. डॉक्टरांनी वजनाच्या हिशेबाने दिलेले लोहाचे औषध सुरू झाल्यावर पुढच्या काही आठवड्यांत तो वाटीकडे हात करू लागला आणि रेषा पुन्हा चढू लागली. तुमच्या मुलीचे हिमोग्लोबिन एकदा पाहून घ्यावे असे मला याच कारणाने वाटते. मनाने औषध मात्र देऊ नये.

वजन मोजताना काटा एकच असावा आणि बाळ उघडे असावे. आपल्याकडे पावसाळ्यात कानटोपी, स्वेटर आणि जाड दुपटे यांसकट बाळाला झोळीत टांगतात आणि पुढच्या खेपेला नुसत्या झबल्यावर मोजतात. मग २०० ग्रॅम ‘घटले’ म्हणून घरात रडारड होते. महिन्यातून एकदा मोजणे पुरेसे आहे.

आता खाण्याविषयी, आणि येथे जरा सविस्तर लिहिते, कारण तुम्ही दिलेल्या दिनक्रमात सकाळी नाचणीचे सत्त्व, दुपारी पेज आणि संध्याकाळी चहात भिजवलेले बेकरीचे कडक बटर आहे. या वयाच्या बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण ३० मिलिलिटर मावते, म्हणजे तुमच्या मुलीच्या पोटात २०० मिलिलिटर. तेवढी वाटी पातळ पेजेने भरली तर पोट गच्च होते, बाळ तोंड फिरवते, आणि पोटात गेलेले असते मुख्यतः पाणी. नऊ ते अकरा महिन्यांच्या, आईचे दूध पिणाऱ्या बाळाला वरच्या खाण्यातून दिवसाला सुमारे ३०० कॅलरी लागतात; त्या तीन-चार छोट्या जेवणांत बसवायच्या तर अन्न दाटच हवे. माझी कसोटी सोपी होती : चमचा आडवा केला तर मऊभात चमच्याला धरून राहिला पाहिजे, ओघळता कामा नये. उकड्या तांदळाचा भात आणि मुगाची डाळ एकत्र मऊ शिजवून पळीने घोटावी, वरून एक चमचा साजूक तूप घालावे, आणि पाणी लागलेच तर त्याऐवजी नारळाचा दाट रस घालावा. चहाच्या चमच्याएवढ्या तुपानेच ४५ कॅलरी वाढतात आणि वाटी मोठी होत नाही.

नाचणी सोडायची गरज नाही, पण सत्त्व करताना आपण ती वाटून फडक्यातून गाळतो, आणि कोंड्याबरोबर बरेच काही फडक्यातच राहून जाते. त्यापेक्षा मोड आणून, सुकवून, भाजून दळलेले नाचणीचे पीठ घ्यावे आणि चाळणीने चाळावे. मोड आल्याने त्यातला स्टार्च सुटा होतो, म्हणून तेवढ्याच पातळपणात जास्त पीठ मावते. अंडे आणि मासे आता सुरू करता येतात. मुडदुशे किंवा पापलेट उकडून, काटा बोटांनी दोनदा चाचपून, भातात कुस्करून द्यावे. जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, त्या दिवसांत अंडे आणि कुळथाचे पातळ न केलेले पिठले चालते. चहातले बटर मात्र आजच थांबवावे, कारण चहा अन्नातले लोह शरीरात नीट शोषले जाऊ देत नाही आणि बटरात मैदा आणि साखर यांपलीकडे फारसे काही नसते. वर्ष होईपर्यंत मधही देऊ नये, गुटीतूनसुद्धा नाही. औषधांच्या दुकानात वजन वाढवणारी पावडर कुणी सुचवली तर नम्रपणे परत ठेवावी.

सासूबाईंना सांगण्यासारखे एवढेच की आईचे दूध पातळ दिसले तरी त्यातली स्निग्धता पाजण्याच्या शेवटाकडे वाढत जाते, म्हणून एक बाजू पूर्ण रिकामी होऊ द्यावी. दूध तोडल्यास मुलीच्या दिवसभराच्या कॅलरींतला निम्म्याच्या आसपासचा वाटा जाईल, आणि डब्याच्या दुधाला स्वच्छ पाणी, उकळलेली बाटली आणि नेमके माप लागते. सासूबाई चुकीच्या हेतूने बोलत नाहीत. त्यांच्या हाती घोटण्याची पळी दिलीत तर विषय बराचसा मिटेल.

रांगण्याचा धसका मनातून काढावा. जागतिक आरोग्य संघटनेच्याच अभ्यासात निरोगी मुले आधाराशिवाय बसली ती ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान, हातगुडघ्यांवर रांगली ५.२ ते १३.५ महिन्यांत आणि स्वतंत्र चालली ८.२ ते १७.६ महिन्यांत, आणि शंभरातली चारेक मुले कधी रांगलीच नाहीत. ढुंगणाने सरकणारी मुले थोडी उशिरा चालतात, ही गोष्ट डॉक्टरांना ठाऊक असते. माझा मुलगा साडेपंधरा महिन्यांनी चालला. तुमच्या मुलीला दिवसातून चार-पाच वेळा जमिनीवर चटईवर पालथे ठेवावे, पुढ्यात वाटी-चमचा ठेवावा आणि कडेवरचा वेळ कमी करावा. घरात आजी, आत्या, काकू असल्या की बाळ जमिनीला टेकतच नाही, हे आपल्या गावांतले सुखही आहे आणि अडचणही. चाकांचा बसायचा वॉकर आणू नये, त्याने चालणे लवकर येत नाही आणि उंबऱ्यावरून, पायरीवरून पडण्याचा धोका असतो. उभी राहू लागल्यावर सावंतवाडीकडचा लाकडी पांगुळगाडा ढकलायला दिला तर तो चांगला.

वाट न पाहता दाखवण्याची लक्षणे वेगळी आहेत. येत असलेली एखादी गोष्ट बाळ करेनासे होणे, एकच हात वापरणे आणि दुसरा मुठीत आवळून धरणे, पाय ताठ किंवा अंग लुळे असणे, बा-बा, दा-दा असे आवाज न काढणे, हाकेला वा आवाजाला वळून न पाहणे, दूध पिताना धाप लागणे किंवा कपाळाला घाम सुटणे, यांपैकी काहीही असेल तर वजन कितीही असो, बालरोगतज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात जावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते आणि गरज वाटल्यास जिल्ह्याच्या ठिकाणी मोफत तपासणीसाठी चिठ्ठी देते, परंतु वरच्या लक्षणांसाठी त्या फेरीची वाट पाहू नये.

नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची लस आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस असतो. त्याच दिवशी उपकेंद्रात तिची लांबी आणि दंडाचा घेर मोजून कार्डावर लिहून घ्यावा, घेर १२.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर डॉक्टरांकडची तपासणी लांबणीवर टाकू नये. त्या लसीनंतर आठवड्याभराने काही मुलांचे अंग गरम होते आणि खाणे कमी होते, म्हणून पुढचे वजन ते दिवस टाळून, दहाव्या महिन्याच्या शेवटी, त्याच काट्यावर करावे.