नैरोबीत पहाटे तीनला येणारी जाग

“मॅडम, आई रोज रात्री तीनला उठून बसते. आणि संध्याकाळी साडेसातला ताटावरच पेंगायला लागते. हे डिप्रेशन तर नाही ना?”

फोन नैरोबीहून होता. मुलगा तिथे औषध कंपनीत नोकरीला, आई सांगलीची, वय ६६, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. शनिवारी ती पोचली आणि सोमवारी त्याचा मला फोन. आपण तिला शालिनीकाकू म्हणू या. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत, बाकी लिहायला दोघांची परवानगी आहे.

मुलाची भीती अगदीच हवेतली नव्हती. पहाटे फार लवकर जाग येणं हे नैराश्याचं एक लक्षण आहे. त्यात वडील गेल्यानंतरचा आईचा हा पहिलाच मोठा प्रवास. दोन रात्री मोबाइलवर वाचून त्याने निदान जवळजवळ पक्कं केलं होतं, मेलाटोनिनची, म्हणजे झोपेची वेळ सांगणाऱ्या संप्रेरकाच्या गोळ्यांची, बाटलीही आणून ठेवली होती. मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.

मी काकूंशी बोलायचं म्हटलं. व्हिडिओवर आल्या, स्वेटर घालून. ऑगस्टअखेरीस नैरोबीत गारठा असतो, आभाळही बहुतेक झाकोळलेलं. भूक? “लागते की, जरा लवकरच लागते.” मन कशात लागत नाही असं होतं का? “छे हो, नातीचा नाच बसवतेय. गुरुवारी इथल्या मराठी मंडळींचा गणपतीचा कार्यक्रम आहे.” निघण्याआधी सांगलीत झोप कशी होती? “दहाला पाठ टेकली की संपलं. साडेपाचला दूधवाल्याच्या बेलने उठायचं.”

“काकू, भारताच्या आणि तिथल्या वेळेत अडीच तासांचा फरक. तुम्ही शिक्षिका. दहातून अडीच वजा करा.”

“साडेसात.”

“आणि साडेपाचातून?”

त्यांनी उत्तर दिलं नाही. मागे वळून मुलाकडे बघितलं आणि म्हणाल्या, “अरे, मी सांगलीचीच झोप झोपतेय!”

साडेसात ते तीन म्हणजे साडेसात तास. झोप पूर्ण होत होती, फक्त चुकीच्या वेळी. यालाच जेट लॅग म्हणतात. निद्रानाश असलेल्या माणसाला झोप मिळत नाही. काकूंना ती पुरेपूर मिळत होती. हा हिशोब रुग्णाला स्वतः करायला लावावा असं माझं मत आहे. मी सांगितलं असतं तर तो डॉक्टरी दिलासा झाला असता, आणि असा दिलासा रात्री तीनच्या अंधारात फार वेळ टिकत नाही.

आपल्या मेंदूत, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, पेशींचा एक इवलासा पुंजका आहे. शरीराचं घड्याळ तिथे चालतं. उजेड डोळ्यांतून थेट तिथवर पोचतो आणि घड्याळ लावतो. पेशींमध्ये ही टिकटिक जनुकांमुळे कशी चालते, या शोधाला २०१७ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. तो शोध लागला फळमाश्यांवर. माणसाचं हे घड्याळ सरासरी २४ तासांहून थोडं जास्त फिरतं. त्यामुळे त्याला उशीर करणं सोपं जातं, घाई करणं जड. पश्चिमेकडे गेलं की दिवस लांबतो, म्हणजे काम सोप्या बाजूचं. रोज तास-दीड तास या वेगाने घड्याळ सरकतं, म्हणजे अडीच तासांना दोन-तीन दिवस पुरायला हवेत.

मग सोमवारपर्यंत काकूंचं काहीच का हललं नव्हतं?

एक कारण म्हणजे त्यांना प्रवासाचा थकवा आणि जेट लॅग अशा दोन गोष्टी एकदम झाल्या होत्या आणि घरात दोन्हींना एकच समजलं जात होतं. मुंबईहून विमान पहाटेचं. सांगलीहून गाडीने आठेक तास, मग विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, कागद तपासायचे, पिवळ्या तापाच्या लसीचं पिवळं कार्ड पर्समधून दहा वेळा काढून बघायचं. म्हणजे अख्खी रात्र जागरण. नंतर सहा तास विमानाच्या कोरड्या हवेत. नैरोबीत उतरल्यावर जो थकवा होता तो जागरणाचा आणि प्रवासाचा. तो मुंबईहून दिल्लीला जाऊनही आला असता. तो एका चांगल्या झोपेने जातो. घरच्यांनी प्रेमाने दुपारी एकला झोपवलं आणि पाचपर्यंत उठवलं नाही. काकू उठल्या त्या पार गोंधळलेल्या, आणि त्या रात्री तीनलाच टक्क जाग्या झाल्या. पहिल्या दिवशी डुलकी जरूर घ्यावी, पण अर्ध्या तासाची, दुपारी दोनच्या आत, आणि गजर लावून.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटलं. “तीनला उठल्यावर नेमकं काय करता?” असं विचारल्यावर काकू आधी “काही नाही” म्हणाल्या. सगळ्यांचं पहिलं उत्तर हेच असतं. मग हळूहळू निघालं. मोबाइल टिंग वाजतो, कारण सांगलीत साडेपाच झालेले असतात आणि बहिणींच्या ग्रुपवर सुप्रभातची फुलं पडायला लागतात. त्यांना उत्तरं जातात. मग स्वयंपाकघरात जाऊन ट्यूब लावायची, दार लोटून घ्यायचं म्हणजे सुनेला आवाज जाणार नाही. चहा. मग देवाजवळ दिवा, स्तोत्र. साडेतीनपर्यंत शरीराच्या लेखी झकास सकाळ झालेली!

डोळ्यांवर उजेड कधी पडतो यावर घड्याळ कुठल्या बाजूला सरकणार ते ठरतं. शरीराचं तापमान नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास सगळ्यात खाली जातं. त्या टप्प्याआधी, म्हणजे संध्याकाळी-रात्री मिळालेला उजेड झोप पुढे ढकलतो. त्या टप्प्यानंतर मिळालेला उजेड झोप अलीकडे ओढतो. काकूंचा हा टप्पा सांगलीच्या अडीच-साडेतीनचा, म्हणजे नैरोबीत रात्री बारा ते एक. तीनला लावलेली ट्यूब त्यामुळे अगदी नको त्या बाजूला पडत होती. संध्याकाळी, जेव्हा उजेड हवा तेव्हा, त्या पडदे ओढून सोफ्यावर बसत.

मनगटावरचं घड्याळही त्यांनी सांगलीच्याच वेळेवर ठेवलं होतं. “बीपीच्या गोळीची वेळ चुकायला नको ना.” त्यामुळे दिवसभर डोक्यात वजाबाकी: आता तिकडे साडेनऊ, म्हणजे झोपायची वेळ झालीच. मुलाने सांगलीतल्या त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दिवसातून एकदा घ्यायची ती गोळी तिथल्या सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगितली आणि प्रश्न मिटला. इन्सुलिन घेणाऱ्यांनी किंवा दिवसातून तीन-चार वेळा औषधं असणाऱ्यांनी हे प्रवासाच्या आधीच विचारून घ्यावं. घड्याळ मात्र कॉल चालू असतानाच लावून घेतलं.

तीनच्या या दिनक्रमाचा तह करताना मी थोडी अडकले. चहा सोडायला तयार, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायला तयार, पण पहाटेची पूजा? “ब्राह्ममुहूर्ताची वेळ असते हो, मॅडम.” इथे मेंदूतल्या पेशी सांगून उपयोग नव्हता. मी म्हटलं, “ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाआधी दोन मुहूर्त, म्हणजे ९६ मिनिटं आधी सुरू होतो. तो सूर्योदय सांगलीचा धरायचा की जिथे आपण बसलोय तिथला?” नैरोबी विषुववृत्ताला लागूनच, त्यामुळे तिथे वर्षभर साडेसहाच्या आगेमागे उजाडतं. म्हणजे मुहूर्त पाचच्या सुमाराला. तीनला कुठला? काकू हसल्या. “हे पटलं. देवाला उगाच लवकर उठवत होते.” माझ्या सगळ्या शास्त्रापेक्षा हा मुद्दा जास्त लागू पडला, हे मला मान्य आहे.

मग ठरलं ते असं. तीनला जाग आली तर पडून राहायचं, वेळ बघायची नाही. अर्धा तास झाल्यासारखा वाटला आणि डोळा लागत नसेल तर उठून खुर्चीत बसायचं, मिणमिणता दिवा पुरे, मनातल्या मनात जप चालेल. खाणं नाही, पडदा नाही, ट्यूब नाही. झोप आलीच पाहिजे असा हट्टही नाही; झोपेची वाट बघत बसलं की ती येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे वाट बघतात.

संध्याकाळी साडेचार-पाचला नातीला घेऊन खाली आवारात. ढगाळ असलं तरी चालेल. ढगांखालचा उजेडही घरातल्या ट्यूबपेक्षा कितीतरी पट असतो. तिथे पावणेसातच्या आत सूर्य मावळतो, म्हणून ही वेळ दवडायची नाही. अंधार पडल्यावर घरातले सगळे दिवे नऊ-साडेनऊपर्यंत लखलखीत, जेवण आठला, आणि सोफ्यावर टेकायचं नाही. चहा दुपारी चारनंतर बंद. पेंग आलीच तर उभ्याने भाजी निवडायची. ही शेवटची सूचना माझी नाही, सुनेची.

मेलाटोनिनची बाटली मी बाजूला ठेवायला सांगितली. संध्याकाळी घेतलेलं मेलाटोनिन झोपेची वेळ अलीकडे आणतं, आणि काकूंना ती पुढे न्यायची होती. पूर्वेला जाणाऱ्याला त्याचा उपयोग होऊ शकतो, तोही डॉक्टरांना विचारून. झोपेच्या गोळीचं तर नावच नको. साठीपुढच्या माणसाने अनोळखी घरात रात्री गुंगीत बाथरूम शोधणं किती धोक्याचं असतं ते हाडांच्या डॉक्टरांना विचारा.

एवढं झाल्यावर काकू म्हणाल्या, “जरा हा बाहेर जाऊ दे.” मुलगा गेला. मग आवाज खाली आणून बोलल्या. तीन ते साडेसहा हा काळ त्यांना खायला उठत होता तो झोपेमुळे नव्हे. फ्लश ओढायला भीती वाटायची. कुकरचं झाकण हातातून निसटलं तर? “सुनेला वाटायचं, ही म्हातारी रात्रीची भुतासारखी फिरते.” आणि गलका नसलेल्या त्या घरात यजमानांची आठवण जास्त येते, हेही बोलल्या. ते मी ऐकून घेतलं. त्यावर उपाय सांगायचा नसतो.

सुनेबद्दलच्या भीतीवर मात्र उपाय होता, तो म्हणजे सुनेला विचारणं. मी तिला कॉलवर बोलावलं. ती म्हणाली, “आई, माझ्या उशाशी कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी मला जाग येत नाही. ह्यांना येते. ते तुमच्या पावलांची चाहूल घेत रात्रभर जागे असतात.” घरात झोप खऱ्या अर्थाने कुणाची उडाली होती ते तेव्हा कळलं. मुलाला मी वेगळी वेळ दिली.

मंगळवारी काकूंना पावणेचारला जाग आली. बुधवारी काही कळवलं नाही, हे माझ्या मते चांगलं लक्षण. गुरुवारी पहाटे पावणेपाच. त्या संध्याकाळी नातीचा नाच साडेसातला होता, तो त्यांनी पहिल्या रांगेत बसून, हातांनी ताल देत बघितला. त्यानंतरच्या भाषणांत दोनदा जांभई आली. भाषणांचा अनुभव असणारा कुणीही त्याला जेट लॅग म्हणणार नाही.

असा बदल प्रत्येकाने करावाच असं नाही. माझ्याकडे ठाण्याचे एक गृहस्थ येतात, कामासाठी दुबईला जातात, दोन दिवसांत परत. फरक दीड तासाचा. ते तिथली वेळ पकडायला धडपडायचे आणि परत आल्यावर इथली पकडायला, म्हणजे कायमच मधल्यामध्ये. त्यांना मी सांगितलं, शरीर हलवूच नका. तिथे साडेनऊला झोपा, लवकर उठा, महत्त्वाच्या बैठका सकाळी लावून घ्या, रात्रीचं जेवणाचं आमंत्रण टाळता आलं तर टाळा. ते शेवटचं त्यांना जमत नाही. चार दिवसांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर घड्याळ हलवायचं, त्याहून कमी असेल तर बहुधा नाही, असा माझा ठोकताळा. आणि पश्चिमेला जायचं असेल, हाताशी आठवडा असेल, तर निघण्याआधी तीन-चार रात्री अर्धा-अर्धा तास उशिरा झोपून निम्म्याहून जास्त काम घरीच उरकता येतं. काकूंना हे कुणी सांगितलं असतं तरी दूधवाल्यापुढे चाललं नसतं.

एवढ्या फरकाचा त्रास आठवड्यापुढे रेंगाळला, दिवसा छातीत धडधड होत असेल, भूक मेली असेल किंवा कशातच रस उरला नसेल, तर मग वेळेच्या फरकाला दोष देत बसू नये, डॉक्टरांना दाखवावं. मुलाने पहिल्याच आठवड्यात विचारलं ते बरंच केलं. निदान चुकलं, पण विचारणं चुकलं नाही.

काकू दीड महिना राहिल्या. निघायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन, “येताना काय करायचं?” येताना दिशा उलटी, आणि ही बाजू जड. आता नैरोबीला जुळलेलं शरीर सांगलीत साडेबाराशिवाय झोपायला तयार होणार नाही. मी सांगितलं, पहिले दोन-तीन दिवस साडेपाचला उठूच नका. तुमचं शरीर तेव्हा मध्यरात्रीत असेल आणि इतक्या लवकर मिळालेला उजेड झोप आणखी पुढे ढकलेल. सातला उठा, चहाचा कप घेऊन सरळ अंगणात जा, आणि रोज थोडं थोडं अलीकडे या. रात्री आठनंतर दिवे मंद.

“आणि दूध? पिशवी दाराला अडकवून गेला तर मांजर फोडतं.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार दिवसांनी सांगलीहून मेसेज आला: दूध शेजारच्या वहिनी घेतात, उठणं साडेसहावर आलंय, आणि त्या वहिनींचा मुलगा पुढच्या महिन्यात जर्मनीला चाललाय, त्याला नंबर दिला तर चालेल ना?