आजोबांची लष्करातली ट्रंक सापडली आहे. त्यातल्या वस्तू विकाव्या की भंगारात द्याव्या?

तुम्ही लिहिलंय की नागपूरच्या महाल भागातलं घर रिकामं करताना माळ्यावर आजोबांची काळी लोखंडी ट्रंक मिळाली. आत दोन पदकं, इनॅमलचा मग, भोकाचे चार पैसे, पत्रांचा गठ्ठा आणि एक काडतूस. पदकं घासून विकावी आणि बाकीचं भंगारवाल्याला द्यावं, असा विचार आहे. आत्या कामठीला असतात, पण त्यांना अजून कळवलेलं नाही.

भंगारात काहीही देऊ नका, आणि आज काही घासूही नका.

आधी काडतूस. पितळी नळीच्या तोंडाशी गोळी बसवलेली दिसत असेल तर ते जिवंत समजा. परवान्याशिवाय ते घरात ठेवणं शस्त्र कायद्यात बसत नाही. खिशात घालून ठाण्यात नेऊ नका, ११२ ला फोन करून पोलिसांनाच घरी बोलवा.

आता ट्रंक. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेलं असतं, बरेचदा पलटणही. ओल्या फडक्याने पुसण्याआधी त्याचा फोटो काढा. तो नंबर म्हणजे सगळ्याची किल्ली आहे, कारण सैनिकाचे कागद रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात नंबरावर शोधतात. पलटण आज दुसरीकडे असू शकते. महार रेजिमेंटची दुसरी बटालियन १९४१ मध्ये आपल्या कामठीतच उभी राहिली, पण आज त्या रेजिमेंटचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे. कुठे लिहायचं ते उमगत नसेल तर नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

पदक सहा टोकांच्या ताऱ्याचं असेल तर दुसऱ्या महायुद्धातलं असण्याची शक्यता मोठी. फीत गडद निळी, मधोमध रुंद लाल पट्टा आणि निळ्याच्या मधून नारिंगी रेघा, असं असेल तर तो बर्मा स्टार. चिंच, राख, पितळेची पावडर यातलं काही लावू नका. कोरलेला नंबर किंवा नाव असेल तर घासण्याने तेच आधी झिजतं. फीत विटली असली तरी नवी बसवू नका. इनॅमलचा मग उलटा करून त्याच्या बुडाशी बाणाचं चिन्ह आणि त्याखाली इंग्रजी आय दिसतो का पाहा. ती हिंदुस्थानी सरकारी सामानाची खूण, शेजारी कधी सालही असतं.

भोकाचे पैसे मात्र रणांगणावरचे नाहीत, ते घरच्या बाजाराचे. १९४३ ते १९४७ या काळात हा पैसा निघाला. युद्धात तांब्याची टंचाई होती म्हणून नाण्याच्या मधला धातूच काढून टाकला. युद्ध इतवारीच्या किराणा दुकानात कसं पोचलं होतं, ते या नाण्यावरून हाताला कळतं. आजीच्या कपाटातही बघा. १९६२ साली चीनशी युद्ध झालं तेव्हा बायकांनी राष्ट्रीय संरक्षण निधीला दागिने दिले, जवानांसाठी स्वेटर आणि माकडटोप्या विणल्या. एखादी पावती, विणायच्या सुया, टाक्यांचा हिशोब लिहिलेला चिठोरा मिळाला तर तो याच ट्रंकेतला समजा.

पत्रांबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तिथे माझ्या हातून चूक झाली आहे.

माझे मोठे काका १९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीवर होते. आजी नागपूरहून त्यांना अंतर्देशीय पत्रं पाठवायची, पत्ता ५६ ए.पी.ओ., म्हणजे सैन्याचं टपाल कार्यालय. काकांनी ती सगळी जपून परत आणली. १५ नोव्हेंबर १९७१ पासून बांगलादेशच्या निर्वासितांसाठी टपालावर पाच पैसे जास्तीचे लागायचे. म्हणून आजीच्या पत्रांवर कुटुंब नियोजनाचं पाच पैशांचं वेगळं तिकीट होतं, वर निर्वासित मदतीची अक्षरं छापलेली. मी अकरा वर्षांचा होतो, तिकिटं जमवायचो. कात्री घेतली आणि एकेक तिकीट चौकोनी कापून काढलं.

अंतर्देशीय म्हणजे एकच कागद. बाहेरचं तिकीट कापलं की आतली अक्षरंही जातात. एका पत्रात आजीने लिहिलंय, ‘आंबिया बहाराची संत्री उतरवली. तुझ्या वाटची ठेवली नाहीत, नासतील म्हणून. तू आलास की’ आणि पुढे चौकोनी भोक आहे. आजी तारीख लिहायची नाही, ‘आज गुरुवार’ एवढंच. तारीख टपालाच्या शिक्क्यावर होती, तीही तिकिटाबरोबर गेली. ३ डिसेंबरला युद्ध पेटलं आणि १७ ला पश्चिमेकडे थांबलं. त्या दिवसांत तिने कोणतं पत्र लिहिलं, ते आता मला लावता येत नाही. काका गेले, आजी गेली. तिकिटंही पुढे घर बदलताना हरवली.

म्हणून तुमचा गठ्ठा ज्या क्रमाने बांधलेला आहे त्याच क्रमाने राहू द्या. पाकिटं फेकू नका. आघाडीवरून आलेल्या पत्राच्या शिक्क्यात गावाचं नाव नसतं, फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारीख असते. आजोबा कधी कुठे होते याचा माग त्यावरून लागू शकतो. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. आपल्याकडे नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, माळा भट्टीसारखा तापतो आणि पावसाळ्यात वाळवी आणि कसर लागते. पत्रं माळ्यावरून खाली आणा, भिंतीपासून दूर, सुती कापडात गुंडाळून ठेवा. डांबरगोळी कागदाला टेकू देऊ नका.

किमतीचं खरं सांगतो. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्यात सुमारे २५ लाख लोक होते. मोहिमेची पदकं खूप जणांना मिळाली, त्यामुळे सुट्या ताऱ्याला फार पैसे येत नाहीत. शौर्यपदक असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा जाणकाराला दाखवल्याशिवाय सौदा करू नका. कुठे दान द्यायचं ठरलं, अगदी आपल्या अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, तरी सगळं एकत्र द्या आणि यादी करून लेखी पोच घ्या. पदक एकीकडे आणि पत्रं दुसरीकडे गेली की ते कोणाचं होतं हे सांगणारं कोणी उरत नाही.

पण त्याआधी कामठीला जा. अख्खी ट्रंक नेऊ नका, आत्यांना एकदम सगळं बघवणार नाही. फक्त तो इनॅमलचा मग न्या. फोनचं रेकॉर्डिंग त्यांना सांगून सुरू करा आणि विचारा, आजोबा घरी आल्यावर या मगातून चहा कोण प्यायचं.